मिरजेचा गंधार

मिरज म्हटले की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक जंक्शन आणि दुसरे इस्पितळ. गाडी बदलायची म्हणून उतरायचे, नाहीतर दुखणे घेऊन उतरायचे! पण दर्ग्याच्या अंगाला सतारमेकर गल्ली आहे. तिथे घटकाभर बसले की हे गाव कानांनी पाहायचे आहे, हे उमगते.

मी गेलो तो आत्याच्या तंबोऱ्यासाठी. आत्या वारली, तंबोरा आमच्या तीन खोल्यांत आला, आणि कोपरा पाहुण्याला द्यायचा की तंबोऱ्याला, असा प्रश्न घरात निघाला. त्यातून तो बद्द बोलू लागला होता. आमचे चिरंजीव गिटार वाजवतात. त्यांचे मत असे, की तंबोरा आता फोनमध्येच मिळतो! शेवटी ठरले, मिरजेला दाखवावा. सुधारण्याजोगा नसेल तर तिथेच कुणाला देऊन यावे. भोपळा सांभाळायला चिरंजीव बरोबर आले.

गल्लीत शिरताच लाकडाच्या भुशाचा वास येतो. दारोदारी भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. खाण्याचे नव्हेत, जाड सालीचे आणि कडू. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांनी आपला हात वाद्यांकडे वळवला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका वृद्ध चाचांनी आमचा तंबोरा मांडीवर घेतला. तारा सैल करून ते म्हणाले, “सर, वाद्य ठणठणीत आहे. घोडी तेवढी झिजलीय.” वर्षानुवर्षे तार घासून घोडीला चरे पडतात आणि तार त्यांत रुतते. घोडीची पाठ किंचित गोलसर हवी. तार तिच्यावर टेकावी, पण चिकटू नये. चाचा कानस फिरवीत, तार लावून ऐकत, पुन्हा उतरवीत. असे दीड तास चालले. यालाच जवारी काढणे म्हणतात. शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला. एका जागी दोरा आला मात्र, आणि आवाज एकदम उघडला! चार तारा छेडल्या, पण त्यांवर पाचवाच कोणी गाऊ लागला. तो गंधार होता, आणि गंधाराची तार तर तंबोऱ्याला नाहीच.

“बाबा, हे तर हार्मोनिक्स!” चिरंजीव उद्गारले.

हिशेब सोपा आहे. खर्जाची तार सेकंदाला ७० वेळा कंप पावते असे धरा. तीच तार त्याच वेळी दोन भागांत १४०, तीन भागांत २१०, चार भागांत २८० आणि पाच भागांत ३५० कंपनेही करीत असते. २१० हा पंचम, २८० षड्ज, आणि ३५० हा त्या षड्जाच्या सव्वापट, म्हणजे गंधार. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गिटारीवरही बाराव्या पडद्यावर बोट हलके टेकवले की षड्ज मिळतो, सातव्यावर पंचम, पाचव्यावर आणखी वरचा षड्ज. गंधार मात्र चौथ्या पडद्यावर नेमका नसतो. खुंट्यांच्या बाजूला किंचित सरकून सापडतो. कारण पडदे बसवताना सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. त्या मापाचा गंधार ३५३च्या आसपास पडतो. तीन कंपनांचाच फरक, पण दोन्ही एकदम वाजले की कान तो लगेच टिपतो.

तंबोऱ्याची आणखी एक गंमत. ज्या जागी तार छेडावी, तिथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू असेल तो स्वर उमटू नये, असा जुना नियम. तंबोरा तो जुमानीत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली मांडले. त्याचे मर्म त्या गोलसर घोडीत आहे.

मी चाचांना फोनमधल्या तंबोऱ्याविषयी विचारले. ते रागावले नाहीत. “त्यातही गंधार असतो, सर. पण तो लावलेला मिळतो. लावायला बसलं की कान तयार होतो.” एवढे बोलून त्यांनी तार मुद्दाम उतरवली आणि खुंटी चिरंजिवांच्या हाती दिली. पोरगा पाऊण तास झगडत होता. गंधार एकदाचा बोलला तेव्हा तो काही बोलला नाही. तंबोरा मात्र त्याने स्वतः गवसणीत घातला. द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

जवळच्याच दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. १९३७ साली ते गेले. उरुसाच्या वेळी तिथे दरवर्षी गाणे होते. तेव्हा वाचकहो, मिरजेला गाडी बदलताना हाताशी दोन तास असतील, तर फलाटावर चहा पीत ते घालवू नका. रिक्षावाल्याला ‘सतारमेकर गल्ली’ एवढेच सांगा.