पडलेलं झाड

अब्बांच्या इंतकालानंतरच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही धाकट्या बहिणीकडे, अमेरिकेत सिएटलला गेलो. अब्बा ज्या पुढच्या खोलीत मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवायचे, ती भाड्याने द्यायची असं आम्हा भावंडांचं जवळजवळ ठरलं होतं. बहिणीचाच तेवढा नकार होता.

एके दिवशी तिने आम्हाला ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधलं होह नदीकाठचं जंगल दाखवलं. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कोकणासारखाच, पण मुख्यतः हिवाळ्यात. वर स्प्रूस आणि हेमलॉकची आभाळाला भिडलेली सुईपानी झाडं, मध्ये हकलबेरीची झुडपं, खाली कमरेएवढे नेचे आणि शेवाळ. जमीन इतकी दाट झाकलेली, की खाली पडलेल्या बीला रुजायला जागा मिळणं मुश्कील. मग रोपं रुजतात ती उन्मळून पडलेल्या जुन्या झाडांच्या खोडांवर. अशा खोडाला तिथे ‘नर्स लॉग’ म्हणतात, म्हणजे जणू रोपांची दाईच. रोपांची मुळं खोडाला वेढून हळूहळू जमिनीत उतरतात. कित्येक दशकांनी खोड कुजून मातीत मिसळतं. मोठी झालेली झाडं मात्र एका ओळीत उभी राहतात. ती ओळ पाहूनच कळतं, की इथे कधीकाळी एक झाड आडवं झालं होतं.

सदका-ए-जारिया आम्ही वर्गात कितीदा समजावून सांगितला असेल! त्या ओळीपुढे मात्र आम्ही गप्प उभे राहिलो. बहीणही काही बोलली नाही.

घरी आल्यावर भाडेकरूला नकार कळवला. आता मगरिबनंतर त्या खोलीत सात मुलं येतात.