म्हैस विकू का?

आवण्या उरकून गणपती आले होते. आटगाव स्टेशनाबाहेर ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला गाठले.

"साहेब, पोरगी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक सर म्हणतात एम.एस्सी. कर, दुसरे म्हणतात आधी नोकरी बघ. आणखी दोन वर्षांचा खर्च. म्हैस विकू का?"

मला माझे दिवस आठवले. बी.एस्सी. होताना आमच्या सरांनी विचारले होते, "पुढे शिकून तुला काय शोधायचंय?" मी म्हणालो, "पगार वाढेल." सर हसून म्हणाले, "मग नोकरीच कर." तेव्हा राग आला. घरी दोन धाकटे भाऊ शिकत होते. मी नोकरी धरली. त्याचा पस्तावा नाही. पण भातावर खोडकिडा पडतो आणि शेतकरी विचारतो, "यंदाच का आला?" तेव्हा माझ्याकडे औषधाचे प्रमाण असते, उत्तर नसते. सरांचा प्रश्न मग टोचतो.

गुरुजींचे म्हणणे ऐकावे, पण तेही चुकतात. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. झालेली कमला भागवत बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेली. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तिला नाकारले. ती हटली नाही. शेवटी एक वर्ष पारखून बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. याच कमलाबाई सोहोनी. पुढे त्यांनी आपल्या नीरेतील पोषणद्रव्यांवर काम केले.

मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. पोरगी सुट्टीला आली होती. तिलाही सरांचाच प्रश्न केला. ती म्हणाली, "काका, आमच्या वरकसावरची नाचणी-वरी हटत चालली. कमी पावसात कोणतं वाण टिकेल, ते मला बघायचंय."

मी बापाला म्हणालो, "हिच्याजवळ प्रश्न आहे. प्रवेश परीक्षेला बसू द्या. चांगले गुण पडले तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची शिष्यवृत्ती मिळते. नोकरीचे अर्जही भरू द्या. आणि पोरी, ज्या सरांकडे शिकायचं, त्यांचे जुने विद्यार्थी आज काय करतात, ते त्यांनाच विचार. निकालाआधी म्हैस विकू नका."

चुलीपाशी बसलेली आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हैस राहील नाहीतर जाईल. पोरीचं डोकं दावणीला बांधू नका."

त्यापुढे माझा सल्ला तो काय!