माद्रिदच्या घरांतील आज्ञार्थ

माद्रिद शहरीं आमच्या कन्येचें बिऱ्हाड आहे. गेल्या हिंवाळ्यांत तेथें दोन महिने राहण्याचा योग आला. तेथील राजवाडा व चित्रसंग्रह यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्हांस त्या शहराचा खरा परिचय स्वयंपाकघरांत झाला. घरकामास येणाऱ्या बाई वयानें वडील, कोलंबिया देशांतील बोगोता नगराच्या. आम्ही वर्षभर स्पॅनिश व्याकरण घोकीत होतों. म्हणून घरांतील नित्याच्या आज्ञा त्या भाषेंत उतरविण्याचें काम बारा वर्षांच्या नातीनें आम्हांकडे सोपविलें.

'जेवायला ये' या पहिल्याच वाक्यापाशीं थांबावें लागलें. माद्रिदला एका मुलास 'बेन', अनेकांस 'बेनिद' आणि मानाच्या व्यक्तीस 'बेंगा' म्हणतात. आपलें 'या' हें एकच रूप आदर व अनेकत्व दोन्ही दाखवितें. तेथें दोहोंस रूपें निराळीं. ब्वेनोस आयरेसकडे तर 'बेन'च्या जागीं 'बेनी' येतें. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचें झिजलेलें रूप होय. म्हणून त्याचें क्रियापद तृतीय पुरुषीं असतें. 'भवान् आगच्छतु' शिकलेल्यास याचें नवल वाटणार नाहीं. निषेधांत मूळ आज्ञार्थ सुटतो व 'नो बेंगास' असें वेगळें रूप येतें. पाणिनीनेंही माङ्‌च्या योगें लुङ् सांगितला आहे.

प्रश्न उरला तो बाईंचा. स्पेनमध्यें हल्लीं एकेरी संबोधन सर्रास चालतें. नात म्हणाली, "आजोबा, इथें सगळे असेंच बोलतात."

आम्ही म्हणालों, "पुण्यास कामाच्या मावशींना तूं 'या' म्हणतेस ना? मग इथें 'ये' कां?"

तेव्हां कागदावर 'आब्रा ला प्वेर्ता', म्हणजे दार उघडा, आणि 'पोंगा ला मेसा', म्हणजे पाटपाणी करा, अशीं आदराचींच रूपें लिहिलीं गेलीं.

बाई मात्र चार वर्षांच्या नातवासही 'बेंगा' म्हणूनच बोलावीत. चौकशी करतां कळलें, कीं बोगोताकडे पतिपत्नी आणि मायलेंकरेंही परस्परांस पुष्कळदां 'उस्तेद' म्हणतात. त्यांत दुरावा नसून माया असते. आपल्याकडे आजी लाडानें 'या, बाळराजे' म्हणते, तसेंच हें.

हें ऐकून नातीनें कागदाच्या शेवटीं आपल्या हातानें एक आज्ञा वाढविली. तींत काम कांहींच नव्हतें: 'सिएन्तेसे', बसा.