उंबऱ्याच्या आतलं ऊन

दुपारी डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नये, हे अकोल्यात पोराटोरांनाही सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे माझ्या सासूबाईंना ऊन लागलं, यावर आधी कुणाचा विश्वास बसेना. ऐंशी ओलांडलेलं वय, अधू गुडघे. ऐन नवतप्यात त्या उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकत नव्हत्या.

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला नणंदेच्या नावानं हाक मारली. तसं त्या अधूनमधून करतातच. पण मग म्हणाल्या, "बैलं आली का वावरातून?" बैलजोडी विकून जमाना झाला होता. अंगाला हात लावला, तर चटका बसावा इतकं गरम आणि घामाचा टिपूस नाही. १०८ला फोन केला. गाडी येईपर्यंत त्यांना कूलरसमोर निजवलं, लुगडं सैल केलं, अंगावर पाणी शिंपडलं, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली. जाऊबाई तापाची गोळी शोधत होत्या, शेजारीण पाण्याचा पेला तोंडाला लावू पाहत होती. मी दोघींनाही थांबवलं. हा ताप गोळीनं उतरत नाही, आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दवाखान्यात सलाइन लागलं, त्या सावरल्या. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या मागवून पाहिल्या. रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो, त्यात ही गोळी शरीरातलं पाणी बाहेर काढते. त्यांनी मात्रा बदलून दिली आणि आपल्या मनानं बंद करू नका, असं बजावलंही. शिवाय सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो, आणि अशा खोलीतला पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो.

आम्ही त्यांचा पलंग खाली आणला. कूलर खिडकीत बसवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारी माणसं मला अजून भेटतात. कोंडलेल्या दमट हवेत कूलर निरुपयोगी असतो.

पण खरी गोम वेगळीच होती. पन्हं, ताक, लिंबूपाणी, सगळं समोर ठेवलं तरी पेला तसाच. "मले तहानच नाही लागत." एकदा खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं, "रातच्याले उठा लागते. कोणाले उठवू?" संडास मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून, तोही उकिडवं बसायचा. पडून खुबा मोडण्यापेक्षा तहान सोसलेली बरी, असा त्यांचा हिशेब होता आणि तो चूक म्हणायची माझी हिंमत नाही. भरपूर पाणी प्या म्हणून सगळे सांगतात. प्यायलेलं पाणी घेऊन त्या बाईनं अंधारात जायचं कुठे, हे कुणी विचारत नाही. बायकांना तर हे बोलायचीही लाज वाटते.

पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली, रात्रभर बारीक दिवा चालू ठेवला. थोड्याच दिवसांत त्या आपणहून ताक मागू लागल्या.

अहमदाबादनं २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे आपल्याकडच्या शहरांनीही केले. पाणपोया, दुपारी कामाला सुट्टी, हे सगळं हवंच. पण २००३च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं उष्णतेनं गेली, त्यांत बहुतेक म्हातारी होती आणि कित्येक स्वतःच्या घरातच गेली. घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पाणपोई पोचत नाही.

तुमच्याकडे असं कुणी असेल, तर मार्च सरायच्या आत त्यांच्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जाऊन या. आणि त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवण्याआधी, त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट एकदा रात्री, दिवा न लावता चालून बघा.