उचल

कबनूरमध्ये 'उचल' या शब्दाचे दोन अर्थ लहानपणापासून कानावर पडत आले. यंत्रमाग कामगाराने मालकाकडून आगाऊ घेतलेली, पुढे मजुरीतून फिटत राहणारी रक्कम म्हणजे उचल. आणि कारखान्याकडून उसाचा मिळणारा पहिला हप्ता, तीही उचलच. एक देणे, दुसरे येणे.

राजू शेट्टी यांचे राजकारण या दुसऱ्या अर्थावर उभे राहिले. शरद जोशींच्या संघटनेतून बाहेर पडून त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. २००४ साली ते शिरोळचे आमदार झाले, २००९ साली निवेदिता माने यांना हरवून हातकणंगल्याचे खासदार, २०१४ साली पुन्हा खासदार. पहिली उचल किती हवी, हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत कारखानदारांच्या नाकावर टिच्चून जाहीर होई. 'एक मत, एक नोट' म्हणत प्रचाराचा खर्चही लोकांनीच उचलला. (हा तिसरा अर्थ!)

२०१९ साली मात्र ते ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले त्याच काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीतून उभे राहिले आणि निवेदिताताईंचे पुत्र धैर्यशील माने यांच्याकडून हरले. पराभवाचे खापर एकट्या आघाडीवर फोडणे मला अपुरे वाटते. ज्याचे शेत, त्याच्या पदरात त्यांच्या लढ्याने दर पडला. फडातला कोयतेवाला आणि मागावरचा कामगार यांची उचल कर्जच राहिली.

२०२४ साली ते स्वबळावर लढले, तिसरे आले. मी चारही वेळा त्यांनाच मत दिले. शेजारच्या माग कामगाराला त्याचे कारण सांगणे मात्र दर खेपेस अवघड होत गेले.