अडलेली ओळ

आपल्या वस्त्यांतून मुली आता बी.एस्सी.पर्यंत पोचल्या आहेत. डी.एड., नर्सिंग, बी.कॉम. या वाटा आपल्या घरांच्या ओळखीच्या झाल्या. पण मुलीने गणित घेऊन पदवी करायची म्हटली, की घरात तिला हात देणारे कोणी नसते. आई धुण्याभांड्याला, बाप गवंड्याच्या हाताखाली. क्लास परवडत नाही. मग ती वस्तीत जो कोणी कचेरीत जाणारा असेल त्याच्याकडे वही घेऊन येते. आमच्या गल्लीत तो मान माझ्याकडे आहे. मी बी.कॉम. झालेला कारकून, व्याज, घसारा आणि ताळेबंद यांच्यापुढे माझे गणित गेलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारची मुलगी आली. शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी., शेवटचे वर्ष, आणि रिअल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात नापास. "काका, ह्यो पेपर सुटला न्हाई तर घरात म्हणत्यात, बास कर आता." एका स्थळाची विचारणाही आली होती. म्हणजे प्रश्न एका पेपरापुरता नव्हता.

मी विचारले, "काय समजत नाही?"

"कायच न्हाई."

हे उत्तर मी समाजकार्यात शेकडो वेळा ऐकले आहे. रेशन कार्ड का अडले, शिष्यवृत्ती का आली नाही, तर "कायच कळंना." पण कागद पुढे घेऊन एकेक रकाना पाहिला की अडलेले असते एकच, एखादी सही, एखादा शिक्का. तसेच तिचे पुस्तक पुढे घेतले आणि म्हटले, बोट ठेवून वाच, जिथे अडेल तिथे थांब. तिसऱ्या ओळीवर बोट थांबले.

बारावीपर्यंतचे गणित उत्तर काढण्याचे असते. पदवीला ते सिद्ध करण्याचे होते, आणि तेही इंग्रजीत. 'प्रत्येकासाठी असा एक आहे' आणि 'असा एक आहे जो प्रत्येकासाठी' ही दोन वाक्ये मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला सारखीच वाटत होती. सिद्धता पाठ होत्या, पण शब्दांची जागा हलली की काय हलते ते ठाऊक नव्हते.

मी म्हटले, "प्रत्येक घराला नळ आहे, म्हणजे काय?"

"घरटी एक."

"आणि एक नळ आहे जो प्रत्येक घराला आहे?"

ती हसली. "चाळीचा नळ की वो!"

शब्द तेच, जागा बदलली, आणि सकाळी सहाला हंडा घेऊन रांगेत उभे राहायचे की नाही ते ठरले. मग तिनेच पुस्तकातले उदाहरण धरले. शून्य आणि एक यांच्या मधली कोणतीही संख्या घ्या आणि तिला तिनेच गुणत जा. गुणाकार शून्याकडे सरकतो. पण तो एक शतांशाच्या खाली यायला ०.५ ला ७ वा घात पुरतो, ०.९ ला ४४ वा लागतो, आणि ०.९९ ला ४५९ वा. हे आकडे आम्ही कॅल्क्युलेटरवर काढले, तेवढे कारकुनाला जमते. संख्या एकच्या जितकी जवळ, तितका घात मोठा. सगळ्यांना पुरेल असा एक घात सापडत नाही. "म्हंजे घरटी नळ हाय, पण चाळीचा न्हाई," ती म्हणाली. एकसमान अभिसरण नाही, ते याच अर्थाने.

यापुढचे मला येत नव्हते. कॉलेजात विचार म्हटले तर ती गप्प. एकदा ती एका सरांकडे गेली होती. "पाया कच्चा आहे" एवढे ऐकून परत आली, पुन्हा गेली नाही. आपल्या मुलांना असले एक वाक्य वर्षभर पुरते.

मी तिला मद्रासच्या एका कारकुनाची गोष्ट सांगितली. १९१३ साली रामानुजन हा बंदराच्या कचेरीत वर्षाला २० पौंडांवर काम करीत होता. जातीने ब्राह्मण, पण घरात तंगी. केंब्रिजच्या दोन प्राध्यापकांनी त्याला दाद दिली नव्हती. तिसरे पत्र त्याने हार्डी यांना लिहिले. त्यात नुसती मदतीची विनंती नव्हती, स्वतः काढलेल्या सूत्रांची पाने जोडली होती. हार्डींनी ती पाने वाचली आणि त्याला बोलावून घेतले. आपली पोर रामानुजन नसेल, पण पाने तर जोडू शकते! इथवर मी केले, या ओळीला अडले, असे लिहून न्यायचे. तिने दोन पाने लिहिली आणि दुसऱ्या एका बाईंकडे नेली. बाईंनी ती वाचली आणि अर्धा तास दिला.

राहिले वेळापत्रक. भिंतीवर तिने 'अभ्यास १८ तास' असे लिहून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावले होते. दर जयंतीला आपण हा आकडा सांगतो. परळच्या चाळीतली खोली मात्र सांगत नाही. तिथे भीमराव लवकर झोपत आणि रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागून त्यांना अभ्यासाला उठवीत, मग स्वतः आडवे होत. एका खोलीत अभ्यासाची जागा अशी काढावी लागते. शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात वसतिगृहे काढली, ती उगाच नव्हेत.

मी तो कागद उतरवला नाही. शेजारी दुसरा लावला, कीर्दीसारखा. आधी जमा, मग खर्च. पाणी, स्वयंपाक, कॉलेज, संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या हे वजा जाता हातात उरले पावणेतीन तास. त्यातला रात्री नऊचा तास टीव्हीच्या मालिकेत जात होता. त्यासाठी मी तिच्या वडिलांशी बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टीव्ही माझ्या आईचा हाय, तिला तुम्हीच सांगा." आजीला सांगायला तीन दिवस लागले.

आता नऊला टीव्ही बंद असतो. रोज दोनच गणिते, पण पुस्तक मिटून. रविवारी आठवड्यात अडलेल्या ओळींची यादी. स्थळाकडच्यांना घरच्यांनी परीक्षेपर्यंत थांबायला सांगितले आहे, नाही म्हटलेले नाही. परीक्षा व्हायची आहे. परवा ती नवी शंका घेऊन आली. मला ती वाचताही आली नाही. तिने तिथेच बसून दीड पान लिहिले आणि सकाळी बाईंना गाठायचे म्हणून लवकर उठून गेली.