तुमच्यासाठी काय मागू?

आमच्या शाळेतल्या सिस्टर आगमनकाळ सुरू झाला की वर्गात एक आखीव कार्ड फिरवायच्या. धर्मग्रामाच्या फादरांना नाताळात द्यायला. मिस्सा, कम्युनियन, जपमाळ, छोटे त्याग असे रकाने. ज्याने त्याने आपला आकडा भरायचा. याला ‘आध्यात्मिक पुष्पगुच्छ’ म्हणतात आणि कॅथलिकांमध्ये ही जुनी चाल आहे. आमच्या वर्गात त्यावरून चढाओढ लागायची. शेजारणीने पाच जपमाळा लिहिल्या की आपल्या सात. मोठेपणी मला ते कार्ड वाण्याच्या वहीसारखं वाटू लागलं आणि पुढे कित्येक वर्षं मी त्या वाटेला गेले नाही.

घरी मात्र भेटवस्तूंचं प्रकरण वाढतच गेलं. वसईत आम्हा भावंडांची घरं हाकेच्या अंतरावर आहेत. डिसेंबर लागला की सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला भेट. पैशांची मर्यादा ठरलेली, त्यामुळे वस्तूही ठरलेल्या: परफ्यूम, मग, चादर, मेणबत्त्या. एक काचेच्या वाट्यांचा संच तर घराघरांतून फिरून मूळ वेष्टनासकट परत माझ्या भावजयीकडेच पोहोचला. तिने तो ओळखला, पण बोलली नाही.

मग एका वर्षी आईनेच तोंड उघडलं. “मला आणखी साड्या देऊ नका. आहेत त्या नेसायला आयुष्य पुरायचं नाही. यंदा कोणी काही विकत आणायचं नाही. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी नाताळपर्यंत प्रार्थना करायची, किंवा त्याच्या जिवाला बरं वाटेल असं काहीतरी करायचं.”

भाच्याने लगेच शंका काढली, “म्हणजे खर्च वाचवायचा आणि नाव देवाचं!” कोणी हसलं, पण मुद्दा बिनतोड होता. उघड्या, उपाशी माणसाला ‘ऊब घे, पोटभर जेव’ असं नुसतं तोंडाने सांगून काय उपयोग, असं याकोबाच्या पत्रातच विचारलं आहे. म्हणून ठरलं की प्रत्येकाने भेटीचे ठरलेले पैसे बाजूला काढायचे आणि ते धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे औषधांसाठी द्यायचे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी, बहुतेक विद्यार्थीच, हे काम सुरू केलं. आमच्याकडे त्यांचे सभासद घरोघरी जाऊन विचारपूस करतात. लहान मुलांना या सगळ्यातून वगळायचं, हा भावजयीचा आग्रह. तो मला पटला. पाच वर्षांच्या पोराच्या हातातून खेळणं काढून घेऊन त्याला अध्यात्म शिकवणारे लोक मला आवडत नाहीत. मागी लोकांनी सोनं आणलं होतं. मरियेने ते परत केल्याचं मत्तयने कुठे लिहिलेलं नाही.

आईची आणखी एक अट होती आणि ती सगळ्यांना जड गेली. त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी मागायचं नाही. आपल्या मनाने ‘आरोग्य लाभो’ वगैरे चालणार नाही. जाऊन विचारायचं, “तुझ्यासाठी काय मागू?”

करून बघा. नवऱ्याला, सुनेला, सख्ख्या भावाला. चादरीचा रंग विचारणं यापेक्षा फार सोपं असतं.

मला धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची चिठ्ठी आली. मितभाषी माणूस. वीसेक वर्षांच्या नात्यात आमचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘लोकल वेळेवर होती का’ यापलीकडे गेलेलं नव्हतं. मी विचारल्यावर “तसं काही नाही” म्हणाले. मी म्हटलं, सुचेल तेव्हा सांगा. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत ते माझ्याजवळ आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, “मला झोप लागत नाही. ती लागावी, एवढंच मागा. आणि लागते की नाही, ते मात्र विचारू नका.”

मी कार्ड वगैरे काही केलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलं आहे की प्रार्थना दार लावून करावी आणि दानाची खबर डाव्या हातालाही लागू देऊ नये. शाळेतलं ते रकान्यांचं कार्ड यात कसं बसतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आजारी माणसाला ‘तुझ्यासाठी इतक्या जणांनी माळ केली’ हे कळल्याने धीर येतो, हेही मी पाहिलं आहे. या गृहस्थांनी माझ्यापुरता प्रश्न मिटवला होता. रात्री भांडी आवरून झाली की मी त्यांच्या नावाने माळ घेऊन बसायची. त्या वेळी हा माणूस छताकडे बघत पडला असेल, हे डोळ्यांसमोर असायचं आणि मन इकडेतिकडे पळायचं नाही, हा माझा फायदा. झोपेचं काय झालं, मी विचारलेलं नाही.

आईची चिठ्ठी पुतणीला निघाली होती. आईची नजर काचबिंदूने गेल्यात जमा, म्हणून पुतणी तिला लूकचं शुभवर्तमान वाचून दाखवायला लागली. लूकचे अध्याय २४, त्यामुळे १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या दिवशी पुस्तक संपतं. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घरात होतं. तिसऱ्या अध्यायात येशूची वंशावळ येते, योसेफापासून थेट आदामापर्यंत सत्तरहून अधिक नावं. जरुब्बाबेल, शल्तिएल इथे पोरगी अडखळली. “आजी, ही गाळू का?” “गाळायची नाहीत. तुझ्या आजोबांचं नाव कोणी गाळलं तर चालेल का?” तिने बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि आई प्रत्येकाला मान डोलवत राहिली, ओळखीच्या लोकांना डोलवावी तशी. २४ तारखेला अर्थातच कबर रिकामी निघाली आणि अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे धावत यरुशलेमला परतले. आई खूश. “बाळ जन्मायच्या आधीच आमच्याकडे पुनरुत्थान झालं,” असं केक घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना सांगत होती.

त्या दिवसांत मी मुलांना लिझ्यूच्या छोट्या तेरेझाची गोष्ट सांगितली. १८८६च्या नाताळात, चौदा पूर्ण व्हायला आठवडा राहिला असताना, मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर तिने वडिलांचं बोलणं ऐकलं. बुटांत भेटी भरून ठेवायचं हे शेवटचंच वर्ष, असं ते कंटाळून म्हणत होते. जरा काही लागलं की रडणारी ती मुलगी त्या रात्री डोळे पुसून खाली आली आणि हसत हसत एकेक वस्तू बाहेर काढू लागली. आपल्याला नाताळची कृपा लाभली ती त्या रात्री, असं ती पुढे सांगायची. मुलांनी विचारलं, बुटांत काय होतं? लहानपणी मलाही तोच प्रश्न पडला होता.

माझी चिठ्ठी गेली होती त्याच खोडकर भाच्याकडे. मोबाइल हातात घेऊन आला. “मावशी, पटकन सांग, मला क्लासला जायचंय.” मी बरीच टाळाटाळ केली. शेवटी म्हटलं, “मोठ्या काकूंचं आणि माझं बोलणं सुरू व्हावं, असं माग.” एका लग्नातल्या मानपानावरून आमचा अबोला होता; कारण इतकं क्षुल्लक की सांगायची लाज वाटते.

त्याने टाइप करायचं थांबवलं. “मावशी, काकूंचा नंबर तुझ्याकडे आहे ना? मग देवाला कशाला मध्ये घालतेस? मी माळ करतो, तू फोन कर.”

पहिल्यांदा काकूंनी फोन उचलला नाही. संध्याकाळी परत लावला, तेव्हा उचलला आणि नमस्कार-चमत्काराच्या आधीच म्हणाल्या, “बरं झालं केलास. करंज्यांचं सारण सैल झालंय, काय घालू त्यात?”